झालर लागलेले पाच टॉवेल

वन्संनी बारा टॉवेल मागितले तेव्हा त्यांची अट एकच होती: पावसाळ्यात वाळले पाहिजेत. गुहागरकडे त्यांचं घर आहे आणि त्यातल्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. स्वयंपाकघरात आजवर मीच नेऊन दिलेले सोलापुरी टर्किश टॉवेल होते. टर्किश पाणी भरपूर पितं, पण जून ते सप्टेंबर कोकणात ते वाळत म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी हाताला कुबट वास. "वहिनी, तुमच्या मागावर काहीतरी रंगीत करा, दिवाळीत पाहुणे यायच्या आत द्या, आणि मेलं वाळू दे एकदाचं," असा तो फोन होता.

सोलापुरात राहून टॉवेल हातमागावर विणणं हा तसा येडेपणाच. इथल्या चादरीला आणि टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण गावभर खडखडाट चालतो तो यंत्रमागांचा. माझा माग चार वह्यांचा, म्हणजे उभे धागे उचलणाऱ्या चार चौकटींचा, आणि लाकडी. पूर्व भागातला एक कारखाना आवरला तेव्हा भंगारच्या भावात मिळाला. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत तो उभा केला आणि शेजारच्या गल्लीतल्या मामांनी मला विणायला शिकवलं. मामा पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, घरात तेलुगू. तरुणपणी खड्डामागावर बसले, पुढे यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, म्हणून उमर काढली. त्यांचं एक वाक्य या प्रकरणात पुढे येईल. ते मी तेव्हा ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

लवकर वाळायचं म्हणजे कापड अंगाला सपाट चिकटता कामा नये, त्यात हवा खेळली पाहिजे. म्हणून मी हनीकॉम्ब वीण निवडली, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी खोलगट चौकोनी घरं. चार वह्यांवर ती सहा धाग्यांच्या घरात बसते: धागे एक, दोन, तीन, चार, तीन, दोन अशा क्रमाने वह्यांत ओवायचे. घराच्या मध्यभागी धागे एकमेकांत घट्ट गुंततात आणि घराच्या भिंतींवर ते पाच-पाच धाग्यांवरून उडी मारतात. हे उड्या मारणारे धागेच पाणी धरतात, आणि घरं खोलगट असल्यामुळे टॉवेल दोरीवर टाकला की आतून वारा जातो.

सूत २/२० चं. काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक; विसाचं सूत दुहेरी पिळलं की जाडीला ते दहाच्या काउंटचं होतं, म्हणजे किलोला साधारण सतरा हजार मीटर. फणी (धागे ठरावीक अंतरावर धरणारी जाळी) ३२ ची, म्हणजे इंचाला ३२ धागे. घरं ११७, म्हणजे धागे ७०२, आणि दोन्ही काठांना चार-चार जास्तीचे धरून ७१०. फणीत रुंदी सव्वाबावीस इंचांच्या जरा आत. धुतल्यावर अठरा बाय सत्तावीस इंचांचा टॉवेल हवा होता, म्हणून मागावर प्रत्येकी ३६ इंच लांबी धरली. विणताना धागा वरखाली वळतो आणि लांबी खातो, शेवटी बीमवर, म्हणजे मागच्या रुळावर, हातभर ताणा (उभे धागे) न विणता उरतो, आणि नमुन्याला थोडा हवाच. असा सगळा हिशेब करून ताणा १४ मीटरचा घेतला. सहाशे ग्रॅमच्या आत सूत लागलं. ताण्यात हळदी पिवळा, गडद निळा, पोपटी आणि मध्ये मध्ये कोऱ्या, न रंगवलेल्या सुताचे पट्टे.

ताणा एक आणि बाणे, म्हणजे आडवे धागे, अनेक, ही या कामातली खरी चैन आहे. त्याच पट्ट्यांवर निळा बाणा टाकला की पिवळा शेवाळी दिसायला लागतो, नारिंगी टाकला की निळा तपकिरीकडे झुकतो. बारा टॉवेल, पण एकासारखा दुसरा नाही. एका टॉवेलला ३६ इंच, इंचाला ३० बाणे, म्हणजे धोटा १०८० वेळा इकडून तिकडे. रंग सारखे बदलायचे म्हणून झटक्याचा, दोरी ओढून उडणारा धोटा नाही, हातानेच फेकायचा. तासाभरात एक टॉवेल व्हायला हरकत नाही, मला दीड तास लागतो. वहिफणी करायला, म्हणजे धागे वह्यांत आणि फणीत ओवायला, दोन संध्याकाळी गेल्या. त्यात एक धागा चुकीच्या वहीत गेला होता. तो पहिल्या चार इंचांत दिसला आणि सोडवून नीट केला. तेवढ्यावर मला वाटलं, चूक काय व्हायची ती होऊन गेली.

प्रत्येक टॉवेलच्या दोन्ही टोकांना दीड-दीड इंच साधी वीण ठेवली, मुडपून तुरपाई करायला. हनीकॉम्ब मुडपलं तर कड जाड होते, साधी वीण पातळ, नीट दुमडते. डोक्यात बरोबर बसलेला हिशेब होता. फूटभर नमुनाही विणला. पण तो मागावरच मोजला, रुंदीला एकवीस इंच भरला, आणि मी पुढे निघाले.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पाचवा टॉवेल झाला. मामा चहाला आले होते. दुसऱ्या दिवशी पद्मशालींच्या मार्कंडेयाचा रथ निघणार, पूर्व भागात माग बंद, त्यामुळे जरा निवांत होते. त्यांनी कापडावर तळहात फिरवला, खालून वरून पाहिलं, काठ बोटांत धरला. मी कौतुकाची वाट पाहत होते.

"धुतलाव का?"

"अजून नाही. बाराही झाले की एकदमच कापून धुणार."

"धुतल्याबिगर टावेल म्हणायचं न्हाई बगा, ताई. अजून नुसतं ताणलेलं सूत हाय ते."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप येईना. सकाळी रथाचे ढोल ऐकू येत होते तेव्हा मी कात्री घेतली, पाच टॉवेल आणि नमुना मागावरून कापला, एकमेकांपासून सुटे केले, कडांना कच्चा टाका घातला आणि सगळे एकाच टबात गरम पाण्यात टाकले. सगळे एकाच टबात, हे वाक्य लक्षात ठेवा.

तासाभराने पाणी डाळिंबाच्या रसासारखं झालं होतं.

त्याहून वाईट ते वाळल्यावर दिसलं. टॉवेलचा मधला भाग आक्रसून सुंदर झाला होता: घरं खोल, भिंती उभ्या, हाताला स्पंजासारखा. आणि दोन्ही टोकांना साध्या विणीची पट्टी लहान मुलीच्या परकराच्या झालरीसारखी लाटा मारत बाहेर आलेली. टेप लावली. हनीकॉम्ब पावणेअठरा इंच. साधी वीण साडेवीस. एकाच टॉवेलमध्ये, एकाच ताण्यावर, पावणेतीन इंचांचा फरक. इस्त्री करून पाहिली. ज्यांना शिवणकाम येतं त्यांना सांगायला नको, साडेवीस इंच कापड पावणेअठरात इस्त्रीने बसत नाही.

आणि तिसरी गंमत. एका टॉवेलवर चमच्याने पाणी सोडलं. निळ्या पट्ट्यावर थेंब टेकला आणि गेला. कोऱ्या पट्ट्यावर थेंब तसाच गोल, चकचकीत, टॉवेल तिरका केला तर घरंगळला. अळवावरचं पाणी, अक्षरशः.

एका धुण्यात तीन दुखणी बाहेर आली. तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून ती एकेक करून सोडवावी लागली.

झालरीचं आधी, कारण ती पुढच्या सात टॉवेलांना लागणार होती. मागावर असताना ताण्याला ताण असतो, बाण्याला फणी आणि कापडाची रुंदी धरून ठेवते. तोवर हनीकॉम्ब आणि साधी वीण सारखीच वागतात. म्हणून माझा नमुना मला काही बोलला नाही. ताण सुटला आणि सूत भिजलं की प्रत्येक धागा आखडायला बघतो. साध्या विणीत तो दर धाग्याला वर-खाली अडकलेला असतो, आखडायला जागाच थोडी. हनीकॉम्बमध्ये पाच धाग्यांवरून उडी मारणारा धागा मोकळा असतो. तो आखडतो, शेजारच्या धाग्यांना जवळ ओढतो, भिंत वर उचलली जाते आणि मध्ये खड्डा पडतो. म्हणजे ज्या आकसण्यामुळे टॉवेल चांगला होतो, त्याच आकसण्यानं कडेची झालर केली. वीण चुकली नव्हती, दोन विणींची गाठ चुकीची घातली होती. माझ्या मते हनीकॉम्ब टॉवेलला साध्या विणीची कड देऊच नये. ज्यांना ती झालर शोभा वाटते त्यांनी खुशाल द्यावी. मला ती भांडी पुसताना नको.

आता यातलं बदलता काय येतं? ताणा लागलेला. फणी, रुंदी, वह्यांतला क्रम, पट्ट्यांचे रंग यातल्या कशालाही हात लावायचा तर उरलेला ताणा वाया. हातात फक्त तीन गोष्टी: बाण्याचं सूत, पावड्या (वह्या हलवणाऱ्या पायपट्ट्या) दाबायचा क्रम, आणि हात्या (बाणा ठोकून बसवणारी फणीची चौकट) किती जोरात मारायचा ते. अडचण अशी की या तिन्हींचा नमुना विणून धुवायचा म्हणजे पुन्हा कापड कापायचं, पुन्हा ताणा रुळाला बांधायचा. प्रत्येक बांधणीत फूटभर ताणा जातो. एकदा तो गेलाच होता. कागदावर मांडलं: नमुन्यासह दुसऱ्यांदा कापलं तर सात टॉवेल कसेबसे बसतात, चार बोटं इकडे-तिकडे. मामांना विचारलं नाही. काय म्हणतील ते ठाऊक होतं.

नमुन्यात हनीकॉम्बच्या मध्ये तीन पट्ट्या विणल्या. पहिलीत साधी वीण, पण बाणा एकेरी विसाचा, म्हणजे निम्म्या जाडीचा. दुसरीत बाणा तोच जाड, पण वीण ट्विलची, दोनावर दोन, म्हणजे दोन धाग्यांवरून आणि दोनांखालून. वह्यांचा टोकदार क्रम असला तरी पावड्या बदलून ती मिळते. तिसरीत ट्विल आणि एकेरी बारीक बाणा, दोन्ही. कापलं, उकळत्या पाण्यातून काढलं, वाळवलं, मोजलं. पहिली सव्वाएकोणीस इंच. दुसरी एकोणीस. तिसरी सव्वाअठरा. ट्विलमध्ये धागा दोनावरून जातो, त्याला आखडायला थोडी मोकळीक मिळते. आणि बाणा बारीक असला की ताण्याच्या धाग्यांना जवळ येताना आड कमी येतं. एकेक उपाय अर्धा पडत होता, दोन्ही मिळून फरक अर्ध्या इंचावर आला. तेवढा तुरपाईत दोरा किंचित ओढून धरला की जिरतो. पुढच्या सातांना तीच कड दिली.

लाल रंगाची गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे. पाचातल्या दोन टॉवेलांत लाल बाणा होता. बाकीची सगळी सुतं माझ्या नेहमीच्या रंगाऱ्याकडची. लाल मात्र कमी पडलं म्हणून बाजारातून दोन लड्या उचलल्या. "पक्का रंग आहे ना?" असं विचारलं, "एकदम पक्का" असं उत्तर आलं. या प्रश्नाला दुसरं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

सुती धाग्यावरचे रंग पक्के असण्याच्या पायऱ्या आहेत. डायरेक्ट रंग स्वस्त, करायला सोपे, पण धाग्याला ते नुसते धरून बसतात. गरम साबणाच्या पाण्यात सुटतात. रिॲक्टिव्ह रंगाची धाग्याशी रासायनिक गाठ बसते, मात्र रंगवून झाल्यावर न चिकटलेला रंग गरम पाण्यात नीट धुऊन काढावा लागतो, नाहीतर तोही पहिली काही धुणी सुटत राहतो. व्हॅट रंग धाग्याच्या आत जाऊन पाण्यात न विरघळणारे होतात. स्वयंपाकघराच्या कापडाला, जे उकळायचं असतं, तेच चांगले. माझी लडी पहिल्या जातीची होती असं मी धरून चालले आहे, कारण ती तशीच वागली. शेजारच्या काकूंनी मिठाच्या पाण्यात भिजवायला सांगितलं, दुसऱ्या एकींनी तुरटी. मीठ रंगारी रंगवताना घालतात ते रंग पाण्यातून धाग्यावर ढकलायला. एकदा वाळलेल्या कापडात सुटणारा रंग ते बांधून ठेवत नाही. मी तरीही मीठ घातलं. हातात टब आणि समोर गुलाबी पाणी असलं की माणूस काहीही घालतो.

इथे दुखण्यांची एकमेकांत गाठ पडली. कोऱ्या सुतावर कापसाचं जन्मजात मेण असतं, वर ताण्याला दिलेली खळ. रंगीत सूत रंगवण्याआधीच उकळून घेतलेलं असतं, म्हणून ते पाणी लगेच पितं; कोरं तसंच राहतं. त्याला इलाज उकळणं: साबण आणि धुण्याचा सोडा घालून अर्धा तास. पण उकळलं की लाल आणखी सुटणार. तेव्हा तीन बिनलाल टॉवेल वेगळे काढले आणि पातेल्यात उकळले. मेणही गेलं आणि कोऱ्या पट्ट्यांवर बसलेली गुलाबी छटाही बरीचशी गेली; ते एव्हाना वाळले होते, त्यामुळे ती पूर्ण जाईल ही आशा मी सोडलीच होती, पण उजेडात धरल्याशिवाय आता कळत नाही. दोन लाल टॉवेल पाण्यामागून पाणी बदलत सहा वेळा काढले. लालाचा गेरू झाला, कोरे पट्टे कायमचे गुलाबी झाले. पाणी मात्र दोघेही झकास पितात.

त्या दिवसापासून प्रत्येक नव्या लडीचा वीतभर धागा ओला करून पांढऱ्या मलमलच्या दोन घड्यांत ठेवते आणि वरून कडक इस्त्री फिरवते. पांढऱ्यावर डाग उतरला तर ती लडी टॉवेलात जात नाही. दोन मिनिटांचं काम.

झालरवाल्या पाचांची साधी वीण शेवटी कापूनच टाकली. कापायच्या रेषेच्या आत मशीनची दोन ओळी झिगझॅग, मग तिरक्या कापलेल्या सुती पट्टीने कड बांधली. लांबी दोन इंचांनी कमी झाली, रूप जरा गोधडीच्या कडेसारखं आलं, वाईट नाही. पुढचे सात सप्टेंबरअखेर झाले. सातव्याच्या वेळी मागची काठी वह्यांना जवळजवळ टेकली होती, ताणा उघडायला जागा उरेना, शेवटचे दोन इंच धोटा न फेकता बोटांनी सरकवत विणले. धुतल्यावर आठवड्याभरात सगळ्यांचं माप अठराच्या आसपास स्थिरावलं, पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडं हलतंच.

मोजणीला दहा टॉवेल: दुरुस्त केलेले तीन, नवे सात. दोन गेरू-गुलाबी माझ्याकडे. किंमत सांगताना माझी जीभ अडखळली. वन्सं म्हणाल्या, तालुक्याच्या बाजारात "हातमाग" असं छापलेले टॉवेल याच्या चौथ्या हिश्शात मिळतात. हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा कायदा १९८५ सालचा आहे, सुरुवातीला त्यात बावीस प्रकार होते, आता अकरा उरले आहेत आणि त्यात टॉवेल-गमछा अजून आहे. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझा कसा ओळखायचा?" मी म्हटलं, काठ बघा, माझा जरा वाकडा आहे. त्या हसल्या आणि दहांचे पैसे मागितले तेवढे दिले.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. कार्तिक लागला तरी तिकडे मधूनच पाऊस पडत होता. टॉवेल रात्री टाकला की सकाळी कोरडा, म्हणाल्या. पाणी पितो, वास नाही, एका पाहुणीने दोन विकत मागितले. मी जरा फुगले.

"फक्त वहिनी, एक विचारू का?"

"विचारा ना."

"हे अडकवायचं कशाला? नाडीच नाही कुठे. सगळे खिळ्यावरून घसरून पडतायत."

बाराही टॉवेलांत कोपऱ्याला नाडी लावायची राहिली होती. गेरू-गुलाबी दोघांतला एक उसवून त्याच्या दहा पट्ट्या कापल्या, दुहेरी शिवल्या आणि पाकिटात घालून पोस्टाने पाठवल्या. सोबत सुईदोराही ठेवला, पांढरा.